बायोडाटाचा वरचा कोपरा

नोव्हेंबर २०२२ मध्ये ताळगावच्या स्टेडियमवर सरकारचा दोन दिवसांचा महामेळावा झाला, तेव्हापासून नोकरी मेळावा हा शब्द गोव्यात घरोघरी पोचला. या खेपेची बहुतेक पत्रं त्याविषयीचीच आहेत. कारखान्याच्या एचआर विभागात माझी बरीच वर्षं गेली आणि अशा मेळाव्यांत मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो आहे. तेव्हा उत्तरं तिथून दिसलेली.

बी.कॉम. झाले. पहिल्यांदाच मेळाव्याला जाणार. सोबत काय न्यावं, काय बोलावं? धडधड होते. (वाचक, वाळपई)

धडधड होऊ दे, फाईल मात्र नीट हवी. एका पानाच्या बायोडाटाच्या दहा-बारा प्रती, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, चार फोटो आणि स्वतःचं पेन. (माझी किती पेनं मेळाव्यात गेली, हिशेब नाही.) मूळ प्रमाणपत्रं दाखवायला न्या, पण कुणाच्या हाती ठेवून येऊ नका.

आता आतली गोष्ट. समोर शंभरेक मुलांची रांग असते, एकेकाला दोन मिनिटं मिळाली तरी खूप. तेवढ्यात बायोडाटा कोण वाचणार? मी दोन प्रश्न विचारायचो आणि कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने खरडायचो: ‘वाळ. – टॅली – बस? – जनरल’, म्हणजे वाळपईची, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, कंपनीच्या बसचं विचारलं, दिवसाची शिफ्ट. संध्याकाळी ऑफिसात गठ्ठा उपसायला बसलो की वाचायचा तो कोपराच. कोपरा कोरा असलेले कागद खाली राहायचे आणि बहुतेक खालीच राहायचे.

तेव्हा तुमचं काम एवढंच, की त्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं जावं. ‘मी मेहनती आहे’ यातलं काय लिहिणार? त्यापेक्षा सांगा: “वाळपईची. बी.कॉम., टॅली येतं, मामाच्या दुकानाची जीएसटीची बिलं वर्षभर मीच करते. साखळीपर्यंत येऊ शकते, तिथून तुमची बस आहे का?” हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात, पण आम्हांला तो फार आवडायचा. सत्तरीतून दूर वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेली चांगली मुलगी दोन महिन्यांत सोडून जाते ती पगारापायी नव्हे. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते, त्या वेळी गावाकडे बस नसते आणि घरून फोनावर फोन. शिफ्ट चालेल की नाही, हे आधी घरी बोलून घ्या. स्टॉलवर उभं राहून आईला फोन लावणाऱ्या मुलीच्या कोपऱ्यात मी प्रश्नचिन्ह काढत असे.

आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. गेल्या वेळी २६ स्टॉलवर बायोडाटा दिला, एकाचाही फोन नाही. हे सगळं दिखाऊच असतं ना? (वाचक, पेडणे)

थोडं असतं, खोटं कशाला बोलू. काही कंपन्या नुसत्या आग्रहाखातर येतात. स्टॉलवर बसवलेला पोरगा फॉर्म भरून घेतो आणि हसून नमस्कार करतो. ओळखायला तीन प्रश्न पुरे: पद कोणतं, जागा किती, कुठल्या युनिटला? तिन्हींना ‘कळवू’ म्हणाला की पुढे चला.

पण २६ स्टॉल ही चूक तुमची. तोच कागद औषध कंपनीला, तोच हॉटेलला, तोच विम्याला! कंपन्यांची यादी बहुधा आधी जाहीर होते. त्यातल्या सहा निवडा आणि त्यांच्यासाठी बायोडाटातल्या दोन ओळी बदला: कारखान्याला पॅनेल आणि मोटर रिवाइंडिंग, हॉटेलला एसी आणि जनरेटर. पहिली फेरी रांगेत न राहता मारा. ज्या नोकरीची फारशी आस नाही, त्या स्टॉलवर आधी तोंड मोकळं करून घ्या. जेवणानंतर गर्दी ओसरते, तेव्हा हवं ते गाठा.

बसलेल्या माणसाचं नाव विचारून लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी ईमेल करा. विषयात मेळाव्याची तारीख, ‘मेंटेनन्स, आयटीआय इलेक्ट्रिशियन, पेडणे’, बस. शंभरातले चार जण हे करत असतील-नसतील. आणि फोन नंबर तपासा. निवडलेल्या पोराला फोन लावावा तर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’, हे मी कितीदा ऐकलं!

तुमच्या तर दारातच मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. अशा ठिकाणची बरीच कामं कंत्राटदारांमार्फत असतात. मेळाव्यात त्यांच्या स्टॉलवर मोठं नाव नसतं म्हणून रांगही नसते.

वय ४४. खाणीवर एक्स्कॅव्हेटर चालवत होतो. २०१८ला काम गेलं, मग मिळेल ते केलं. मेळाव्यात सगळी पोरं, त्यांच्यात उभं राहायला लाज वाटते. (वाचक, डिचोली)

तुम्हांला लाज कसली? २०१२ची खाणबंदी आणि मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले ते, गोव्यात टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काम का सुटलं हे तुम्हांला समजावून सांगावं लागणार नाही. मात्र मधली वर्षं कोरी सोडू नका. ‘मिळेल ते’ म्हणजे काय ते लिहा: कुणाचा टिप्पर, कुठल्या रस्त्याचं काम, किती महिने.

एकदा डिचोलीचाच एक गृहस्थ बायोडाटाशिवाय आला. पिशवीतून लाल कव्हरची डायरी काढली. त्यात नऊ वर्षांची नोंद: कुठल्या तारखेला मशीनचं तेल बदललं, कधी ग्रीस, कधी होज (तेलाची नळी) फुटला, किती तास मशीन उभी. पानांना ग्रीसचे डाग. मी तीन पानांच्या झेरॉक्स काढून त्यांनाच टाचणी मारली आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘हा हवा’. फोर्कलिफ्टवर घेतला त्याला. तुमच्याकडे डायरी नसेलही, पण मशीनचं मॉडेल, तास, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हेवी लायसन्सची मुदत हे सगळं लिहिता येईल. स्टॉलवर ‘स्टोअर किंवा मेंटेनन्सचे साहेब आलेत का’ असं विचारा. एचआरच्या मुलीला होज म्हणजे काय ते कळणार नाही.

डिसेंबर २०२२पासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागलेत, तिकडेही डोळा ठेवा. पण त्यावर विसंबून राहू नका.

टीव्हीवर रोजगार मेळ्यात सरकारी नेमणूकपत्रं वाटताना दाखवतात. मुलाने तिथे अर्ज कसा करावा? (एक पालक, फोंडा)

तिथे अर्ज होत नाही. केंद्राचे ते मेळे २२ ऑक्टोबर २०२२ला सुरू झाले, आणि पत्रं मिळतात ती आधीच परीक्षा देऊन निवडलेल्यांना. गोवा सरकारच्या क वर्गाच्या पदांसाठी कर्मचारी भरती आयोगाची संगणकावरची परीक्षा असते. १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि कोकणीचं ज्ञान लागतं. तयारी करू दे, पण खासगी नोकरी करता करता. आणि मेळाव्यात मुलाऐवजी तुम्ही रांगेत उभे राहू नका. असे वडील दर वेळी दिसतात, मुलगा बाहेर स्कूटरवर बसलेला.

स्टॉलवर १८,००० सांगितले. हाती किती पडतील? (वाचक, म्हापसा)

‘हे ग्रॉस की सीटीसी?’ एवढंच विचारा. ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार, सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. ग्रॉस १८,००० आणि त्यातलं मूळ वेतन १२,००० धरलं, तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे १३५ जाऊन १६,४२५ उरतात. तेच १८,००० सीटीसी असेल, तर कंपनीचा वाटाही त्यातूनच जातो आणि हातात चौदा-साडेचौदा हजार येतात. मग बसचे आणि कॅन्टीनचे पैसे वेगळे.

मेळाव्याबाहेर एकाने कार्ड दिलं. क्रूझवर नोकरी, आधी ४०,००० भरा म्हणतो. (वाचक, वास्को)

भरू नका. जहाजावरच्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायची मुभाच नाही. त्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करण्याचा परवाना हवा. नंबर मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा. आखातातल्या नोकरीचा एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी बघा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. पावतीचं नाव काढलं की असे बरेच जण वाट धरतात.

कोकणीत बोलू, मराठीत की इंग्रजीत? (वाचक, साखळी)

समोरचा सुरुवात करील त्या भाषेत. हॉटेलच्या स्टॉलवर मात्र इंग्रजीत, कारण तिथे ते कामच आहे. अडखळलात तर अडखळा. मीही अडखळायचो, विशेषतः जेवणानंतर.