लेथच्या आधी मायक्रोमीटर घ्या

ऐरोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. हातात येणारा पगार ९२,००० रुपये. घराचा हप्ता ३१,०००, घरखर्च ४०,०००, एसआयपी ८,०००, उरतात १३,०००. बँकेत १ लाख ६० हजारांची मुदत ठेव आहे. छंद म्हणून ९५,००० रुपयांचा मिनी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणारं छोटं यंत्र, घरी आणायचा आहे. ठेव मोडावी, की १४ टक्के व्याजाने २४ महिन्यांचं वैयक्तिक कर्ज काढावं? सुटीच्या दिवशी बाहेरची कामं घेऊन पैसे वसूल होतील, असा त्यांचा अंदाज आहे.

आधी ठेवीचं बघू. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ७१,००० लागतात. म्हणजे ही ठेव जेमतेम सव्वादोन महिने पुरेल. नोकरी सुटली तर हाताशी किमान सहा महिन्यांचे, म्हणजे ४ लाख २६ हजार रुपये असायला हवेत. तेव्हा ठेवीला हात लावू नका. कर्जाचा हप्ता ४,५६० च्या आसपास पडेल आणि व्याजापोटी सुमारे १४,५०० जातील, प्रक्रिया शुल्क वेगळं. पण व्याजापेक्षाही मला एक गोष्ट जास्त खटकते. ९५,००० हा नुसत्या यंत्राचा भाव आहे. तेवढ्यावर काम सुरू होत नाही.

मी आणखी ५०,००० धरतो. मोजमापाला १५,०००: ०.०२ मिमीचा व्हर्नियर, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, लिव्हर डायल (किंचितशी हालचालही काट्यावर दाखवणारं साधन) आणि मॅग्नेटिक स्टँड. जॉब (कापायचा तुकडा) आणि टूल (कापणारं हत्यार) धरायला १८,०००: जॉब पकडून फिरवणारा, स्वतंत्र जबड्यांचा चार जॉ चक, पटकन टूल बदलता येईल असा टूलपोस्ट, जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारं लाइव्ह सेंटर, ड्रिल चक. कटिंगला १०,०००: एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट, त्यांना धार लावायला बेंच ग्राइंडर, सेंटर ड्रिल, तुकडा कापून वेगळा करणारं पार्टिंग टूल. उरलेल्या ७,००० मध्ये तेल, चष्मा, बार, भक्कम टेबल. टेबलावर काटकसर करू नका. ते हललं की टूल थरथरतं आणि जॉबवर लाटा उमटतात, मग यंत्र कितीही चांगलं असो. कर्ज काढून लेथ आणलात तर हप्ता जाऊन महिन्याला ८,४४० उरतात, आणि ही सामग्री जमवायला सहा महिने लागतात. तेवढे दिवस यंत्र झाकून ठेवून हप्ते भरायचे.

आता वसुलीचा अंदाज. ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा बार ५० मिमी लांबीत २५ मिमीपर्यंत उतरवायचा आहे असं समजा. त्रिज्येत साडेसात मिमी काढायचे. मिनी लेथ स्टीलमध्ये एका पासला, म्हणजे टूल एकदा लांबीभर नेताना, ०.३ मिमी आरामात घेतो, म्हणजे २५ पास. २५० आरपीएम आणि जॉबच्या दर फेऱ्यामागे ०.०८ मिमी फीड (टूलचं पुढे सरकणं) धरलं तर एक पास अडीच मिनिटांचा. नुसत्या कटिंगलाच तासाभराहून जास्त वेळ जातो. रबाळे किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांमधला मोठा लेथ अडीच मिमीचे तीन पास घेऊन हेच काम काही मिनिटांत उरकतो. त्या दराशी तुमची रविवारची दुपार स्पर्धा करू शकत नाही. हिशेबात कमाईचा रकाना शून्य ठेवा. छंदावर खर्च करणं यात काहीच गैर नाही, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

रबाळ्यातला जुना, मोठा लेथ स्वस्तात मिळतोय, असंही तुम्ही लिहिलं आहे. शेकडो किलोंचं ते धूड फ्लॅटमध्ये नको. पुढे कधी जुनं यंत्र बघायला गेलात तर चकजवळ कॅरेजचा (टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाचा) जिब, म्हणजे ढिलेपणा घालवणारी पट्टी, घट्ट करून कॅरेज टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाकडे) सरकवा. तिथे ती अडकली तर बेड, म्हणजे कॅरेज ज्यावर सरकते तो पाया, चकजवळ झिजला आहे.

माझा सल्ला असा. एसआयपी चालू ठेवा. १३,००० पैकी ५,००० ठेवीत भर घालायला आणि ८,००० रिकरिंगमध्ये. बोनस ६०,००० मिळतो म्हणालात, त्यातले ३०,००० इकडे वळवा. मग १ लाख ४५ हजार साधारण पंधरा महिन्यांत जमतात, व्याज न भरता. मात्र पहिल्या दोन महिन्यांचे १६,००० साठवू नका, त्यातून मोजमापाची साधनं घेऊन टाका. मधल्या काळात ठाण्याच्या शासकीय आयटीआयमध्ये अल्प मुदतीच्या वर्गाची चौकशी करा, किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पैसे देऊन आठवड्याला दोन तास लेथ मागा. टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) ट्रेडची निमीची (नॅशनल इन्स्ट्रक्शनल मीडिया इन्स्टिट्यूट) पुस्तकं भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर फुकट आहेत. धार लावणं आणि टूलचे कोन तिथूनच शिका. मोजण्याचा सराव तर घरबसल्या होतो. नुकताच कापलेला २५ मिमीचा स्टीलचा जॉब ४० अंशांनी तापलेला असेल तर तो सुमारे ०.०१२ मिमी मोठा भरतो. गरम असताना मापात बसवला की गार झाल्यावर ढिला होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता मिळवायची तर थांबावं लागतं, आणि ते महागड्या यंत्राने टळत नाही.

साधनं आधी घेण्याचं खरं कारण लेथ येईल त्या दिवशी कळेल. चक उतरवून लिव्हर डायल थेट स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टेपरला, म्हणजे निमुळत्या छिद्राला, लावा आणि हाताने फिरवा. काटा ०.०१ मिमीच्या आत राहिला तर उत्तम. ०.०३ हलला तर दोष यंत्राचा आहे. चकमधल्या बारवर मात्र ०.०५ ते ०.०८ दिसलं तर घाबरू नका, तीन जॉ चकचं ते नेहमीचंच. मग २५ मिमीचा बार टेलस्टॉकच्या आधाराशिवाय धरून ७५ मिमी अंतरावर दोन कॉलर (बारवरचे उंच पट्टे) ठेवा, दोन्हींवरून एकाच सेटिंगला ०.१ चा शेवटचा कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर आधी टेबल आणि पायांखालची पातळी तपासा. तरीही तो राहिला तर फोटो आणि मापं लिहून विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा. बिलावर परतीची मुदत किती दिवसांची आहे, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या. आणि खाडीची दमट हवा लक्षात घेऊन त्याच रात्री बेडला तेल लावून यंत्र झाका.