अँटिव्हायरसने निर्दोष फाइल अडवली तर
विंडोजमधल्या डिफेंडर या अंगभूत अँटिव्हायरसने फाइल अडवली म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका. ती क्वारंटाइनमध्येच, म्हणजे अँटिव्हायरसने वेगळ्या कोंडून ठेवलेल्या जागीच, राहू द्या आणि डिफेंडरच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ या नोंदींच्या यादीत तिला कोणते नाव दिले आहे ते वाचा. नावाच्या शेवटी ‘!एमएल’ (!ml) असेल, तर तो मशीन लर्निंगचा अंदाज असतो आणि डिजिटल स्वाक्षरी (निर्मात्याची ओळख पटवणारी खूण) नसलेल्या, फार थोड्यांनी वापरलेल्या प्रोग्रॅमबाबत तो चुकू शकतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावर फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा सांकेतिक क्रमांक) दिलेला असल्यास तो व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर शोधा, म्हणजे ती फाइल आधी तपासली गेली असेल तर अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निष्कर्ष ती बाहेर न काढताच दिसतील. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबाबतचा इशारा मात्र मी नेहमी खराच धरतो. खात्री पटल्यावर तपासणीतून सूट त्या एकाच फाइलला द्या, संपूर्ण डाउनलोड्स फोल्डरला कदापि नको, आणि ती चालवण्यापूर्वी तिचा हॅश निर्मात्याने दिलेल्या हॅशशी ताडून पाहा.