रावेरच्या मुलीला समुद्राचा हिशोब कशाला?

नमस्कार भाऊ,

तुमची मुलगी जळगावला बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्राची पातळी वाढतेय, तर किनारे वाचवायचा खर्च कोणी, किती, कसा करायचा, हे तिला पुढे शिकायचंय. रावेरच्या केळीवाल्याच्या घरात हे खूळ कुठून आलं, असं तुम्ही विचारलंय.

आपली तापी सुरतेला समुद्राला मिळते आणि उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश नांदतो. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गानं सुरत बुडाली. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबतं, आणि समुद्र चढेल तसं हे वाढणार. म्हणजे विषय इतका परका नाही.

बांध घालणं इंजिनिअरचं काम. तो आत्ता घालायचा की वीस वर्षांनी, आणि कोणाच्या पैशानं, हे अर्थशास्त्राचं. पन्नास वर्षांनी टळणारं 100 कोटींचं नुकसान आज केवढ्याचं धरायचं? हे उलट्या व्याजासारखं मोजतात: वर्षाला 10 टक्के दर लावला तर जेमतेम 85 लाख, 3 टक्के लावला तर जवळजवळ 23 कोटी. एखाद्या कोळीवाड्यापुढे बांध होणार की नाही, ते या एका दरावर फिरतं. हवामान बदलाच्या खर्चावरच्या ब्रिटनच्या 2006 च्या स्टर्न अहवालापासून अर्थतज्ज्ञ यावरच भांडताहेत. शिवाय बांधावर टोलनाका बसवता येत नाही. टळलेलं नुकसान कोणाच्या खात्यात जमा होत नाही, त्यामुळे खासगी पैसा फिरकत नाही आणि बोजा सरकारवर येतो. पंधराव्या वित्त आयोगानं नदी आणि समुद्राची धूप रोखायला 1500 कोटी आणि धुपेनं उठवल्या गेलेल्यांच्या पुनर्वसनाला 1000 कोटी सुचवले, ते यामुळेच.

विमा तर तिला घरातूनच ठाऊक असेल. थंडीचा पारा ठरलेल्या आकड्याखाली सलग काही दिवस राहिला की केळीच्या हवामान विम्याची भरपाई लागू होते. मेक्सिकोत किंताना रू राज्यानं 2019 मध्ये किनाऱ्यापुढे लाटा अडवणाऱ्या प्रवाळ खडकांचा असाच, वाऱ्याच्या वेगावर ठरणारा विमा उतरवला, आणि 2020 च्या ‘डेल्टा’ वादळानंतर त्याचे पैसे मिळालेसुद्धा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: या विषयाच्या नावानं नोकरीची जाहिरात तुम्हाला पेपरात दिसणार नाही. काम मिळतं ते नाबार्ड, पुनर्विमा कंपन्या (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या), बँकांचे जोखीम विभाग आणि सल्लागार संस्थांमध्ये, तेही मुळात चांगल्या अर्थतज्ज्ञाला. म्हणून ‘क्लायमेट फायनान्स’चे महागडे डिप्लोमे तूर्त नकोत. आधी पुण्याची गोखले संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, अशा ठिकाणी अर्थशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. बी.ए.वाल्यांचं घोडं गणितात अडतं, तेव्हा हे वर्ष गणित आणि संख्याशास्त्राला द्यायला सांगा.

दिवाळीत ती घरी आली की तुमच्या केळी विम्याच्या जुन्या पावत्या तिच्यापुढे ठेवा. हप्ता किती गेला, भरपाई किती आली, विमा परवडला का, ते तिला एक्सेलमध्ये मांडू द्या. त्यात ती रमली तर प्रवेश परीक्षांचा फॉर्म भरा. कंटाळली तर मला पुन्हा लिहा, दुसरा रस्ता पाहू.