मन रमवायला लोकरीचं विणकाम शिकायचं आहे. पुण्यात सामान कुठे मिळेल, विणकाम बरं की क्रोशे, आणि पहिलाच स्वेटर घेतला तर चालेल का?

पहिलाच स्वेटर खुशाल घ्या, फक्त बिनबाह्यांचा घ्या. पुण्याच्या थंडीला हाफ स्वेटर पुरतो, आणि बाह्या विणून खांद्याला बसवण्याची कटकट वाचते. अट एकच. आधी माप बघायला नमुन्याचा छोटा तुकडा विणायचा. "तुकडा कशाला, लोकर वाया जाते" हे वाक्य घरातल्या मोठ्यांकडून आणि दुकानाच्या काउंटरवर इतकं ऐकलंय, की तुमचं बाकीचं बाजूला ठेवून आधी त्याचाच निकाल लावते.

डबल निट जाडीची (म्हणजे मध्यम जाडीची) लोकर आणि ४ मिमीच्या सुया घ्या. आपल्याकडे जुना ब्रिटिश क्रम चालतो, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. व्हिडिओतली अमेरिकन बाई "साइझ ८" म्हणाली तर ती ५ मिमीची सुई असते. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

३६ टाके घाला. पहिल्या चार ओळी सगळ्या सुलट (व्हिडिओतलं 'निट'). पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट ('पर्ल'), पण दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच, नाहीतर कडा गुंडाळतात आणि मोजपट्टी टेकत नाही. १५ सेमी उंची झाली की पुन्हा चार सुलट ओळी करून टाके बंद करा. आता हा तुकडा कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा (पिळू नका) आणि न ताणता सपाट वाळवा. मोजायचं ते यानंतर. सुईवर असताना घेतलेलं माप खोटं असतं, कारण सुई कापड ताणून धरते आणि लोकर पाण्यातून निघाल्यावरच आपल्या जागी बसते. कडा सोडून मधल्या भागावर पट्टी ठेवा आणि १० सेमीत किती टाके बसतात ते मोजा. अर्धा टाकाही सोडू नका.

समजा पुस्तकातल्या नमुन्यात १० सेमीला २२ टाके सांगितलेत आणि घेर ९० सेमी हवाय. हिशेबाने १९८ टाके. तुमचा हात सैल असला आणि तुकड्यात २० च टाके आले, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर होतो ९९ सेमी. नऊ सेमी! मग "आजकालची लोकरच अशी" म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची. वाया काय गेलं, तुकड्याची मूठभर लोकर की अख्खा स्वेटर? शिवाय तुकडा उसवून लोकर परत वापरता येते. टाके कमी भरले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. किंवा कापड हाताला आवडलं असेल तर सुई तीच ठेवून १८० टाके घाला.

हे शेवटचं जमलं की पुस्तकातला नमुना लागतच नाही. छातीच्या मापात साधारण पाच सेमी मिळवा, दर सेमीच्या टाक्यांनी गुणा, पट्ट्यांचे रंग स्वतः ठरवा. नवनिर्मितीचा आनंद मला या आकडेमोडीत दिसतो. व्हिडिओ थांबवत थांबवत टाका न् टाका उतरवून काढण्यात तो नाही, मग घरचे काहीही म्हणोत.

मन शांत व्हायला मात्र साध्या ओळीच बऱ्या. जाळीचा नमुना सुरुवातीला नको, सतत मोजत बसावं लागतं. टाका निसटला तरी घाबरू नका. खाली शिडी दिसते, तिची प्रत्येक पायरी म्हणजे एका ओळीचा सुटा धागा. कापडाची सुलट बाजू समोर धरा, क्रोशाची सुई खालच्या मोकळ्या टाक्यात समोरून घाला, त्याच्या लगेच वरची पायरी पकडून टाक्यातून ओढा, मग त्याच्या वरची. सुईवर परत चढवताना टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा, नाहीतर तो टाका पिळलेला राहतो आणि लांबूनही दिसतो.

सामान तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडच्या परिसरात मिळेल. 'लोकर' म्हणून समोर येणारा बराच माल ॲक्रेलिक असतो. धाग्याचं टोक जाळून बघा: खरी लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख बोटाने चुरते, ॲक्रेलिक वितळून कडक मणी होतो. शिकायला खरी लोकर आणि फिका रंग घ्या. लोकरीला लवचीकपणा असतो, त्यामुळे वेडेवाकडे टाके धुतल्यावर बरेच सारखे होतात. ॲक्रेलिकवर मात्र गरम इस्त्री ठेवलीत तर ते कायमचं लुळं पडतं. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण अंगालगतच्या कपड्याला टोचते.

क्रोशेचं थोडक्यात: एका वेळी एकच टाका उघडा असतो, त्यामुळे निसटायची भीती कमी. पण कापड जाड होतं आणि लोकर जास्त खाते. स्वेटरला सुयाच.

सलग तासभर विणू नका, मनगट आणि अंगठा धरतो. गरम पाण्यात चोळून किंवा मशीनच्या साध्या धुलाईत खऱ्या लोकरीचा नमदा होतो, म्हणजे ती आखडून घट्ट चिकटते, आणि तो उलट फिरत नाही. आणि पावसाळ्याआधी स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा. कसरीला घामाचे आणि खाण्याचे डाग लागलेली लोकर फार आवडते.