माझ्या गाडीच्या १.५ टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या पेट्रोल) इंजिनात हलक्या पायाने चालवताना दोन सिलिंडर बंद होतात. मित्र म्हणतो, इंजिन असमान झिजेल, ही सोय कायमची काढून टाक. काढू का?

नका काढू. तुमच्या मित्राचं हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय: ‘चारातले दोन झिजणार, दोन कोरे राहणार.’

साडूंची गाडी तुमच्याच इंजिनाची. ठाणे ते फोर्ट रोजचं येणं-जाणं. पावसाळ्यात सायनजवळ पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचं चाक सणकून आदळलं. तेव्हापासून पुण्याला जाताना पाय जरा हलका केला की सीटखाली घरघर. नेमकं तेव्हाच मीटरवर दोन सिलिंडरचा मोड दिसायचा. झालं, गुन्हेगार सापडला! मी म्हटलं, अहो, आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बघा. दोनच सिलिंडर चालू असले की धक्के विरळ पण मोठे बसतात, रबर फाटलेलं असेल तर तिथेच पहिल्यांदा कळतं. पण त्यांचा भाऊ न्यू जर्सीला, तो सिलिंडर बंद होण्याच्या भानगडींचे तिकडचे व्हिडिओ पाठवणार, मग माझं कोण ऐकतो? कुणा लॅपटॉपवाल्याकडून ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये) फेरफार करून तो मोड बंद करून आले. घरघर गेली. गणपतीत अख्ख्या सासरवाडीसमोर मला ऐकवलं, ‘बघा, म्हणत होतो ना!’ दिवाळीच्या आत सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की डॅशबोर्ड थरथरायला लागला. माउंटिंग काढलं तर रबर आरपार चिरलेलं. ते बदललं. ईसीयू मात्र आजही तसाच आहे, कारण तो पूर्ववत करायचा म्हणजे माझं बरोबर होतं असं मान्य करायचं.

त्या व्हिडिओंत खोटं काही नसतं, फक्त इंजिनं वेगळी असतात. जनरल मोटर्सच्या व्ही८मध्ये (आठ सिलिंडरच्या इंजिनात) सिलिंडर बंद करायचं काम तेलाच्या दाबावर चालणारे लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, करतात, आणि लिफ्टर बिघडला की त्याला ढकलणारा कॅमही खातो. होंडाच्या सहा सिलिंडरच्या व्ही६मध्ये तेल जळून प्लग खराब होण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. कॅडिलॅकच्या १९८१च्या व्ही८-६-४ची (आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणाऱ्या इंजिनाची) तर लोक सरळ वायरच तोडून टाकायचे. तुमच्या इंजिनात २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरवरचे कॅम विजेवर चालणाऱ्या पिनांनी बाजूला सरकतात, व्हॉल्व्ह मिटतात, इंधन थांबतं. पिस्टन वरखाली होतच राहतो. कोरं कसलं राहतंय!

आणि मुंबईत हा प्रकार चालू तरी कधी होतो? साधारण १४०० आरपीएमच्या वर आणि इंजिनावर भार कमी असेल तेव्हा. संध्याकाळी अंधेरीत वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रांगताना विसरा. अटल सेतूवर १००ची मर्यादा पाळून निवांत गेलात तर होईल. म्हणजे फक्त शहरात फिरणाऱ्याला बंद करून फार तोटा नाही, फायदाही नाही. (हे साडूंपर्यंत जाऊ देऊ नका.)

हां, जुनी व्ही६ होंडा असेल आणि तेल पीत असेल, तर मीही बंद करेन. आणि तुमची गाडी वॉरंटीत असेल तर ईसीयूला हात लावून क्लेम नाकारायला निमित्त देऊ नका.

घरघर येते की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर बॉनेट उघडा, ब्रेक घट्ट दाबून गिअर डी-आर, डी-आर करा आणि बाजूला उभ्या मेस्त्रीला इंजिन किती उसळतंय ते बघू द्या. उसळत असेल तर माउंटिंग बदला. घरघर नसेलच, तर मित्राचा हट्ट सोडला तर बंद करायला कारण काय?