शेततळ्यात मासे सोडायच्या आधी पाण्याचा रंग बघायला शिक

भावा, तुझ्या तळ्यातलं पाणी हिरवं झालं म्हणून एवढं घाबरू नकोस, फिकट हिरवं पाणी म्हणजे माशांचं जेवणच तयार होतंय. शेवाळावर बारीक जीव वाढतात, ते कटला मासा वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचं कुजकं खातो. हात कोपरापर्यंत पाण्यात घाल, तळवा अंधुक दिसला की ठीक, मनगट बुडायच्या आतच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय, मग शेण आणि खाद्य दोन्ही बंद कर आणि थोडं पाणी बदल.

खरा घोळ रात्री असतो बघ. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं पण अंधार पडला की तेच ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की लगेच एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नायतर मोटर लावून पाणी वरनं पाड. आणि कुणी सांगितलं म्हणून शेवाळ मारायला एकदम मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू नकोस, सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजताना उरलासुरला ऑक्सिजन पण जातो.

अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) वेगळ्या वाफ्यात कर, रोज थोडा काढून गवत्या माशाला (ग्रास कार्प) घाल, पेंडीचा खर्च वाचतो. तळ्यावर मात्र पसरू देऊ नकोस, जास्त पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही. जलपर्णी तर फुलं छान दिसली तरी आणायचीच नाही, पंचगंगा नदीत ती कशी पसरते ते बघतोयसच की!