शेव सोडायची, म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेव सोडणार म्हणतो. घरात आठवड्यातून दोनदा तरी शेवभाजी होते, पोह्यांवर तर शेव रोजचीच. सोडू द्यावी का? त्याच्यासाठी वेगळं रांधायचं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : जरूर सोडू द्या. चॉकलेट क्वचित येणाऱ्या घरात चॉकलेट सोडण्याला काय अर्थ? खान्देशात शेव सोडणं ही खरी परीक्षा. मात्र या वयात कॅथलिक चर्चचं बंधन नसतं. मांसवर्ज्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा उपास १८ पूर्ण झाल्यावर. म्हणजे हा नेम त्याचा स्वतःचा. तो तुम्ही सुचवून गळ्यात घालू नका.

घोटाळा होतो तो हद्द न ठरवल्यामुळे. राखेच्या बुधवारच्या आधीच बसून बोला: भाजीतली जाड शेव, पोह्यांवरची बारीक शेव, पुड्यातली शेव बंद, चिवड्यात आलेली मात्र वेचून काढत बसायची नाही. हे ठरलं नाही तर तिसऱ्या दिवशी ‘ही शेव नाही, गाठी आहे’ अशी वकिली सुरू होते.

वेगळ्या स्वयंपाकाची गरज नाही. शेव रश्शात वाढतानाच घालायची असते, आधी घातली की लगदा होतो. त्यामुळे गॅस बंद केल्यावर वाटीभर रस्सा त्याच्यासाठी बाजूला काढा आणि त्यात उकडलेलं अंडं किंवा बटाटा सोडा. पातोड्या घालायचा मोह होईल; पण तेच बेसन आणि तोच रस्सा, तेव्हा हे चालतं का ते त्यालाच विचारा. मुलं बहुधा आपल्यापेक्षा कडक निघतात.

शेव गेल्यानं पोषणाचं काही बिघडत नाही. वरण आहे, उडीद घातलेली कळण्याची भाकरी आहे. दूध, अंडी, फळं मात्र सोडू देऊ नका, जेवण तर नाहीच. मार्चअखेर आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. पाणी न पिण्याचा हट्ट असेल तर तो तिथल्या तिथे मोडा.

आणि शेवेऐवजी केळ्याच्या वेफर्सचा पुडा आणून देऊ नका, मग सोडलं काय? वाणसामानात शेव खरोखर पाव किलो कमी आणा आणि तेवढे पैसे त्याच दिवशी त्याच्या हातानं डब्यात टाकायला लावा. शेव नेहमीइतकीच आली आणि पैसे बाबांच्या खिशातून गेले, तर हा हिशेब पोराच्या लगेच ध्यानात येतो. ईस्टरच्या आधी डबा चर्चच्या दानात रिकामा करा.

प्रश्न : रविवारी सोडलेला पदार्थ खाल्ला तर चालतो का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : चालतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळून ४० धरण्याची रीत आहे. काही घरं रविवारीही पाळतात, तेही ठीक. फक्त काय ते आधी ठरवा, मध्येच बदलू नका. सूट घेतली तर एका वाटीवर थांबवा, नाहीतर आठवड्याची कसर रविवारी निघते आणि सोमवारी पोट बिघडतं.

प्रश्न : शेजारच्या हळदीच्या जेवणात मुलीनं विसरून गुलाबजाम खाल्ला. गोड सोडलंय, म्हणून रडतेय.
– एक वाचक, धुळे

उत्तर : ऐच्छिक नेम मोडला तर पाप लागत नाही. दिवस वाढवू नका, दंड लावू नका. पुढच्या जेवणापासून नेम चालू. पंगतीत ‘आमची गोड खात नाही हं’ असं मोठ्यांनी पुकारायचं नाही. राखेच्या बुधवारी वाचतात त्या बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात उपास लोकांना दाखवू नका असंच सांगितलंय. वाढणारीला तिनंच एकदा ‘नको’ म्हणावं. तरी पानात पडलंच तर खाऊन टाकावं, अन्न टाकू नये.